हत्याराचं हत्यार

ठाण्याचा इतिहास सांगणारे १६ एप्रिल १८५३ पासून सुरुवात करतात. मीही तिथूनच करतो, पण मला त्या गाडीपेक्षा तिच्या दुरुस्तीत जास्त रस आहे. बोरीबंदरहून निघालेली गाडी त्या दिवशी ठाण्याला पोचली आणि वर्षभरात, १ मे १८५४ ला, रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले. इंजिनं विलायतेहून बोटीने आलेली. एखादा पिन झिजला, एखादा बुश सैल झाला तर नवा मागवून तो येईपर्यंत पावसाळा उलटायचा. म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आधी भायखळ्याला आणि १८७९ पासून परळला वर्कशॉप थाटलं. तिथे लेथ मशिनं आली, आणि त्यांच्यापुढे उभं राहायला माणसं लागली. लोहार आले, सुतार आले, कोकणातून शेती सोडून आलेली पोरं आली. साहेबाच्या हाताखाली ती लोखंड कातायला शिकली.

मी त्या रांगेतला अगदी शेवटचा. जन्म कोपरीचा, आयटीआय टर्नर ट्रेडमध्ये, नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये. कंपनीचं नाव घेत नाही. तिथे आता काचेची इमारत उभी आहे आणि आत बसणाऱ्या मुलांना, तुमच्या खुर्चीखाली पूर्वी मिलिंग मशीन होतं, हे सांगून काही उपयोग नाही. आता राहत्या घराच्या मागच्या खोलीत एक साडेचार फुटी लेथ, एक बेंच ड्रिल, एक ग्राइंडर आणि एक वाइस, एवढा माझा कारखाना. तिथे मी कंपन्यांचे सुटे भाग करत नाही. हत्यारांना लागणारी हत्यारं करतो: ड्रिल चकाचा आर्बर, बोअरिंग बार, टेलस्टॉकमध्ये बसणारा डाय होल्डर, मोर्स टेपरची स्लीव्ह, बेअरिंग ओढायचा पुलर, अडचणीच्या जागी पोचणारा टॅपचा लांब दांडा. बाजारात जे मिळत नाही, किंवा मिळतं पण बसत नाही, ते.

लोक विचारतात, रिटायर झाल्यावर हा छंद कुठून लागला? छंद कसला. ही टूलरूममधली जुनी रीत आहे आणि तिचा उगम पेटीत आहे.

टूलरूम म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण कारखान्यात न गेलेल्याला सगळी मशिनं सारखीच वाटतात. प्रॉडक्शनमध्ये एकच जॉब दिवसभर हजार वेळा निघतो. तो जॉब पकडायचा फिक्श्चर, त्याला भोकं पाडायचा जिग, तो मोजायचा गेज, पत्रा कापायची डाय, हे सगळं टूलरूम करते. तिथे एक वस्तू एकदाच होते. त्यामुळे टूलरूममधल्या माणसाला तऱ्हेतऱ्हेची साधनं लागत आणि कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यातली निम्मीही नसत. ती ज्याची त्याने करायची. केली की पेटीत ठेवायची. पेटी पत्र्याची, क्वचित कुणाची सागवानी, आत तेलात भिजवलेलं फडकं. प्रत्येक वस्तूवर मालकाच्या नावाचं अक्षर पंच केलेलं.

नवा माणूस आला की आमचे उस्ताद त्याला सर्टिफिकेट विचारत नसत. "पेटी उघड," म्हणत. आत काय आहे त्यावरून माणूस कळे. स्वतः घासून केलेला व्ही-ब्लॉक आहे का? त्याचे दोन्ही गाल सारखे आहेत का? सेंटर पंचचं टोक खडूसारखं ठिसूळ आहे की पाणी नीट दिलंय? सरफेस गेजचा दांडा थरथरतो का? ज्याच्या पेटीत सगळं विकतचं, त्याला उस्ताद पहिला महिना फक्त फाइल मारायला लावत. मला लावली होती, तीही आयटीआयत वर्षभर तेच केल्यावर. लोखंडाचा चौकोनी ठोकळा घ्यायचा, सहा बाजू सपाट करायच्या, काटकोन लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा.

हत्यार उसनं द्यायचं नाही, हा पेटीचा पहिला नियम. दुसरा नियम गेटवरचा. कंपनीतून बाहेर पडताना वॉचमन झडती घेई, म्हणून पेटीचा वेगळा पास असे आणि त्यावर आतल्या वस्तूंची यादी. नोकरी सोडताना ती यादी फोरमनने तपासून सही करायची. अर्थात यादीतल्या बहुतेक वस्तू कंपनीच्याच मशीनवर, कंपनीच्याच तुकड्यांतून, जेवणाच्या सुट्टीत झालेल्या असत आणि हे फोरमनला माहीत असे. तो स्वतःही त्याच वाटेने वर आलेला. चोरी म्हणाल तर मी मानणार नाही. त्या वस्तू दुसऱ्या दिवशी कंपनीच्याच जॉबवर चालत. मर्यादा ओलांडणारेही होते, नाही असं नाही. आमच्यातल्या एकाने गनमेटलचा अख्खा नळ करून मोरीत बसवला. तो नळ अजून गळत नाही म्हणे.

ही रीत नुसत्या कौशल्याच्या हौसेने पडलेली नाही. टंचाई हे खरं कारण. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी हत्यार आणायचं तर आयात परवाना हवा, आणि तो कंपनीला मिळायची मारामार, तिथे टर्नरला कोण देतो? देशी माल होता, चांगलाही होता. शीवच्या इंडियन टूल मॅन्युफॅक्चरर्सची 'डॅगर' छापाची ड्रिलं आणि टॅप, रेमंड समूहाच्या जे. के. कानशी. ज्या घराण्याच्या ठाण्यातल्या गिरणीचं सूटिंग नवरदेव घालत, त्याच घराण्याच्या कानशीवर आमचे हात घासले. पण ही झाली रोजची खपाची हत्यारं. चांगलं फिरतं सेंटर, मोठ्या पल्ल्याचा बोअरिंग हेड, कॉलेटचा संच हे नागदेवी स्ट्रीटला काचेमागे दिसे आणि महिन्याच्या पगाराला भारी पडे. मशीद बंदरला उतरून, नागदेवीत काचेला नाक लावून माप डोळ्यांत भरून घ्यायचं आणि येऊन करायचं, हा रिवाज होता. दुकानदारही ओळखून असत. "बघून झालं का मास्तर?" म्हणत.

माल दारूखान्यातून. तिथे तोडलेल्या जहाजांचं लोखंड आणि नव्या बारचे तुकडे दोन्ही मिळत. रे रोडहून हार्बरने कुर्ला, कुर्ल्याहून ठाणे, मालडब्यात पायाशी गोणपाटात गुंडाळलेला फूटभर ईएन-८ पोलादाचा बार. जास्त ताकदीचं काही करायचं तर ट्रकचा तुटलेला ॲक्सल शोधायचा. ते पोलाद दुकानातल्या नव्या बारपेक्षा भरवशाचं. झिजलेली कानस तर कुणी टाकतच नसे. तिच्यापासून स्क्रेपर होई, लाकूड कातायचं हत्यार होई. आधी तिचा कडकपणा तापवून, राखेत हळू निववून काढायचा, आकार द्यायचा, मग डाळिंबी लाल करून तेलात बुडवायची, पॉलिश करून पुन्हा हलकी तापवायची. पोलादावर गवती पिवळा रंग धावत येतो तेव्हा साधारण सव्वादोनशे अंश झालेले असतात. तिथे थांबलात तर धार टिकते. निळ्यावर गेलात तर त्याची स्प्रिंग करा, धारेचं हत्यार होणार नाही. भट्टीला मीटर नव्हता. डोळा हाच मीटर, म्हणून हे काम संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी करत.

आता थोडं मापांबद्दल, कारण घरच्या लेथवरची अर्धी कामं मापांच्या भांडणातून जन्मतात. लंडनच्या हेन्री मॉडस्लीने १८०० च्या सुमारास आटे पाडायचं लेथ पक्कं केलं. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं माप सुचवलं: कोन ५५ अंश, आणि इंचात अमुक इतके आटे. रेल्वेबरोबर तेच आपल्याकडे आलं. कारखान्यातला मराठी माणूस त्या इंचाचे आठ भाग करून त्यांना सूत म्हणे. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटरला किंचित जास्त. मग १९५६ च्या कायद्याने देश मेट्रिक झाला, साठच्या दशकात ड्रॉइंगं मिलिमीटरमध्ये यायला लागली, नव्या आट्यांचा कोन ६० अंश झाला. मशिनं मात्र इंचाचीच राहिली. ज्या लेथचा लीड स्क्रू इंचात आहे त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे कसे?

उत्तर एका गिअरमध्ये आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याला पाचाने गुणा, १२७ येतात. १२७ ला कशानेच भाग जात नाही, ती मूळ संख्या. म्हणून बदलीच्या गिअरांत १२७ दात्यांचा गिअर असेल तरच इंची लेथवर मेट्रिक आटे बिनचूक पडतात. हा गिअर मोठा, जागा खाणारा, आणि लहान लेथबरोबर क्वचितच येणारा. मग जुन्या लोकांनी पळवाट काढली. १.२७ च्या प्रमाणाऐवजी ८० आणि ६३ चे गिअर लावायचे. भागाकार येतो १.२६९८. चूक एक मीटर लांबीला मिलिमीटरचा आठवा भाग. लीड स्क्रूच करायचा असेल तर हे चालणार नाही. बोटभर लांबीच्या नटबोल्टला ती चूक सापडतसुद्धा नाही. ठाण्यातल्या लहान गाळ्यांमध्ये मेट्रिक क्रांती झाली ती या ६३ दात्यांच्या गिअरवर, आणि तो गिअरही बहुधा कुणीतरी डिव्हायडिंग हेडवर स्वतःच कापलेला. कायदा दिल्लीत झाला, अंमलबजावणी अशी झाली.

लेथ इथेच बनवायचं स्वप्नही मराठी माणसाने पाहिलं, हे इथे सांगायला हवं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत. तिथून ते बेळगावला गेले, सायकलींचं दुकान, कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर असं करत १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. यंत्रं बनवणारी यंत्रं करण्यासाठी १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली. १९५३ मध्ये बंगळूरला सरकारी एचएमटी आली, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या साथीने. आमच्या टूलरूममध्ये या दोन्ही घराण्यांची मशिनं शेजारी होती. माझं प्रामाणिक मत विचाराल तर एचएमटीचं मशीन काटेकोर, पण किर्लोस्करचं जास्त सोशिक. शिकाऊ पोराने चक ठोकला तरी ते रागावत नसे. लहान गाळेवाल्यांना मात्र दोन्ही परवडत नसत. त्यांच्याकडे बटाल्याचं किंवा राजकोटचं लेथ, फुटांवर विकत घेतलेलं: साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. आल्यावर आधी त्याचा बेड स्क्रेप करून सरळ करायचा, मग कामाला लावायचं. अर्धं मशीन कंपनी करी, उरलेलं अर्धं टर्नर.

१ ऑगस्ट १९६२ ला राज्य सरकारने औद्योगिक विकास महामंडळ स्थापलं. त्याची पहिली वसाहत म्हणजे आमची वागळे इस्टेट. पाठोपाठ डोंबिवली. ठाणे-बेलापूर रस्त्याला, कळव्याला, भांडुप-मुलुंडला मोठे कारखाने होतेच; तिकडे अंबरनाथला संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना होता, ज्याच्या माणसांच्या हाताचा आम्हाला हेवा वाटे. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याने कंपन्यांना शिकाऊ पोरं घेणं भाग पडलं आणि आयटीआयतून बाहेर पडणाऱ्या मुलाला थेट मशीनपाशी जागा मिळू लागली. कोपरीहून सकाळी सायकली निघत, कोपरीच्या पुलावरून तीन हात नाका आणि तिथून वागळे. विजेच्या टंचाईपायी आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे घरच्यांचा रविवार आणि आमचा रविवार कधी जुळला नाही. शुक्रवारी पोरं शाळेत, बायको कामात, आणि टर्नर घरी एकटा. घरात वाइस बसवायची पहिली बुद्धी मला अशाच एका शुक्रवारी झाली.

कोपरीबद्दल दोन शब्द. खाडीकाठची कोळ्या-आगऱ्यांची ही वस्ती. रूळ आले तेव्हा शेजारचा चेंदणी कोळीवाडा पूर्व-पश्चिम असा चिरला गेला, तो आजतागायत तसाच आहे. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासित आले, कोपरी कॉलनी झाली, आणि गावाला व्यापाराची सवय लागली. माझी घरची पहिली कमाई याच दोघांकडून. एका सिंधी काकांचा कपड्यांचा धंदा होता. टिचबटणं दाबायच्या हातप्रेसची डाय झिजली होती आणि नवीसाठी त्यांना अख्खा प्रेस घ्यायला सांगत होते. मी डाय केली, कडक केली, आणि पुढे वेगवेगळ्या बटणांसाठी बदलता येतील अशा गाळ्यांचा संचच करून दिला. काका पैसे मोजून देत, पण घासाघीस केल्याशिवाय कधी नाही. कोळीवाड्यातले एक दादा होडीच्या इंजिनाचं काम आणत. पंख्याच्या दांड्याचा गनमेटल बुश, आणि तो पंखा ज्या नटाने आवळतात त्या नटाचा पाना. खाऱ्या पाण्यात नट असा काही धरतो की बाजारचा पाना त्याच्या कडा खातो. मी नटाचं माप घेऊन, सहा बाजूंनी घट्ट बसणारा जाड सॉकेट केला, मागे हातोडी मारायला सपाट टोक ठेवलं. दादांनी मोबदला म्हणून पैशांबरोबर निवट्या आणल्या. आता खाडीत निवट्या शोधाव्या लागतात आणि होड्याही.

आणखी एक रीत राहिली, खंडेनवमीची. त्या दिवशी मशीन पुसून, चिप्सचा कण न ठेवता झाडून, झेंडूची माळ घालून बंद ठेवायचं. पेट्या उघड्या करून बेंचवर मांडायच्या. बायकामुलांना आत यायची मुभा वर्षातून तेवढी एकदा. मुलगा बापाचं मशीन बघे आणि बाप दुसऱ्याच्या पेटीत नवीन काय झालंय ते बघे. खरं प्रदर्शन तेच. कुणी मायक्रोमीटर ठेवायची सागाची डबी केलेली, कुणी लेथवर बसणारा छोटा ग्राइंडिंगचा जोड. प्रसादाचे पेढे खाताना लोक मापं विचारून घेत.

मग हे सगळं उठलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. गिरण्या गेल्याची गोष्ट सगळ्यांनी लिहिली. इंजिनिअरिंगच्या कंपन्या आवाज न करता गेल्या. एक शिफ्ट कमी, मग टूलरूमचं काम बाहेर द्यायचं, मग स्वेच्छानिवृत्तीची नोटीस, मग जागेचा सौदा. १९९१ नंतर आयात सोपी झाली, १ एप्रिल २००१ पासून आयातीवरची उरलीसुरली संख्येची बंधनं उठली, आणि जे फिरतं सेंटर आम्ही काचेमागे बघत होतो ते नागदेवीत ढिगाने दिसू लागलं. तोवर विकत घ्यायला पैसे आले होते, पण ज्या मशीनवर लावायचं ते भंगारात चाललं होतं. कुर्ल्याच्या जुन्या मशिनांच्या व्यापाऱ्यांकडे तेव्हा किलोवर लेथ मिळे. हिशोबाच्या पैशांतून कुणी रिक्षा घेतली, कुणी गावी घर बांधलं. माझ्यासारख्या काही जणांनी लेथ घेतलं. थ्री-फेज मोटर काढून एक हॉर्सपॉवरची सिंगल-फेज बसवली आणि घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर चालवली. बायकोने एकच अट घातली, चिप्स स्वयंपाकघरात येता कामा नयेत. तरी चपलेच्या तळव्यात रुतून येतातच. तिने आता चिमटा जवळ ठेवलाय, तोही माझ्याच हातचा.

विलायतेत घरच्या लेथची गोष्ट निराळी. तिथे 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक १८९८ मध्ये सुरू झालं, बीस्टनच्या मायफोर्ड कंपनीने १९४६ पासून एमएल-७ हे लेथ खास घरच्या वर्कशॉपसाठी काढलं, आणि सुखवस्तू माणसं परसातल्या शेडमध्ये बसून वाफेचं छोटं इंजिन करत राहिली. भाच्याने आणलेले त्या मासिकाचे जुने अंक मी चाळलेत. हात पक्का आहे त्यांचा, आणि त्यातलं निम्मं लिखाण इंजिनाबद्दल नसून इंजिन करायला लागणाऱ्या जोडण्यांबद्दल असतं, हे वाचून मला बरं वाटलं. फरक इतकाच की त्यांच्या जोडणीला गिऱ्हाईक नसतं. माझ्या दारात ते उभं असतं.

आजचं गिऱ्हाईक कोण? बहुतेक जण मापांचे बळी. आखातातून किंवा अमेरिकेतून आलेला कुणीतरी ग्राइंडर आणतो. आपल्याकडच्या चार इंची ग्राइंडरच्या स्पिंडलला एम-१० चे आटे, युरोपातल्या साडेचार-पाच इंचीला एम-१४, अमेरिकनला पाच सूत आणि इंचात अकरा आटे. चाकाचं भोक एकात १६ मिलिमीटर, दुसऱ्यात २२.२३. मग वायर ब्रशसाठी, पॉलिशच्या पॅडसाठी जोड करून द्या म्हणतात. तो देतो, ब्रशवर लिहिलेले फेरे पाहून. पण चार इंची ग्राइंडरवर मोठं चाक बसवून द्या म्हणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो, मग तो कितीही ओळखीचा असो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे मारतो. मोठं चाक त्या वेगासाठी केलेलंच नसतं, ते फुटतं. माझ्या हातचा जोड अशा कामात सापडलेला मला चालणार नाही.

सुतार येतात राउटरच्या बिटासाठी. बिटाचा दांडा पाव इंच म्हणजे ६.३५, मशीनचा कॉलेट ८ मिलिमीटरचा. मधली चिरलेली स्लीव्ह करून हवी असते. दिसायला बोटाएवढी, पण आतलं आणि बाहेरचं वर्तुळ एकाच सेटिंगमध्ये, चकातून न काढता करावं लागतं. नाहीतर बिट डोलतो आणि लाकडावर लाटा उठतात. दुर्बिणी करणारी दोन मुलं डोंबिवलीहून येतात. त्यांचं माप कायम ३१.७५, कारण दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाची नळी जगभर बहुतेक सव्वा इंची. त्यांना मोबाइल धरायचा जोड हवा असतो, कॅमेऱ्याचा हवा असतो. ही मुलं सॉफ्टवेअरमधली. वर्निअर आधी उलटा धरत, आता त्यांच्यातला एक स्वतः फेसिंग करतो. मी फक्त मागे उभा राहतो आणि चकात चावी विसरला का ते बघतो. चकात चावी ठेवून मशीन सुरू करणारा माणूस माझ्या खोलीत दुसऱ्यांदा येत नाही, हा एकमेव कायदा मी भिंतीवर लिहून ठेवलाय.

सीएनसी आलं, त्यामुळे टर्नर संपला असं म्हणतात. अर्धसत्य आहे. हजार सारखे जॉब सीएनसीनेच करावेत, तिथे माणसाला उभं करणं हा माणसाचा अपमान होता. कार्बाइडच्या बदलत्या टिपा आल्या, मीही वापरतो. पण त्या आल्यापासून पोरांना हायस्पीड स्टीलचा तीन सुती बिट ग्राइंडरवर घासून स्वतःची धार काढता येत नाही, हे नुकसान मोठं आहे. टीप घेणारा कंपनीने ठरवलेल्या आकारातच विचार करतो. जो बिट घासतो त्याला आतल्या कोपऱ्यातली गोलाई, बारीक खाच, जुन्या दुर्मीळ आट्यांचा कोन, सगळं मोकळं असतं. वागळेत आज जे गाळे उरलेत तिथेही डिझाइनचा मुलगा स्क्रीनवर जोड काढतो आणि मग विचारतो, हा एकच नग कोण करून देईल? तेव्हा एखादा म्हातारा आठवतो.

हे वाचून कुणाला घरी लेथ घ्यावंसं वाटलं तर माझा सल्ला ऐका. नवं चकचकीत टेबलावरचं घेण्याआधी जुनं साडेचार फुटी बघा. तळमजला असेल तरच, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून. बेडवर चकाजवळ बोट फिरवा, तिथे पायरी लागली तर भाव पाडा किंवा उठा. क्रॉस स्लाइडचं हँडल मागेपुढे करा, पाव फेरा रिकामा गेला तर नट बदलायचा खर्च धरा. टेलस्टॉकमध्ये मोर्स दोन नंबरचा टेपर असू द्या. तोंडाशी तो १७.७८ मिलिमीटर भरतो, आणि त्या मापाची वस्तू नागदेवीत सहज मिळते. पहिला जॉब विकायचा करू नका, चकाची चावी किंवा टॅपचा दांडा करा, तो रोज हातात येईल आणि कुठे चुकलात ते रोज सांगेल. आणि मशीनबरोबर बदलीच्या गिअरांचं पोतं देतील, त्यात १२७ दात्यांचा आहे का ते तिथेच बसून मोजा. नसेल तर ६३ चा तरी मागून घ्या.